साखर आहे म्हणून ॲस्पिरिन? ‘असेंड’ चाचणी सातारा-सांगलीतून वाचताना



आपल्या सातारा-सांगलीकडे मधुमेह असलेल्या माणसाच्या घरातला औषधांचा डबा साधारण सारखाच असतो. मेटफॉर्मिन, जोडीला ग्लिमेपिराइड, एखादी बीपीची गोळी आणि एक छोटीशी गोळी, जिला घरात सगळे ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. ती असते ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन, बऱ्याचदा ‘इकोस्प्रिन’ या नावाने घेतलेली. ती कशासाठी चालू आहे असं विचारलं की दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, ‘अटॅक येऊन गेलाय, स्टेंट टाकलाय’. दुसरं, ‘शुगर आहे ना, म्हणून’.

पहिलं उत्तर शास्त्राच्या कसोटीवर पक्कं आहे. दुसरं तितकं पक्कं नाही, आणि आजचा लेख त्या दुसऱ्या उत्तराबद्दल आहे. या विषयावरचा सगळ्यात मोठा शोधनिबंध म्हणजे २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली ‘असेंड’ चाचणी. तिचंच आज परीक्षण करू. माझं मत आधीच सांगून टाकते: चाचणी उत्तम आहे, आकडे प्रामाणिक आहेत, पण त्यातून निघालेली ‘फायदा आणि तोटा बरोबरीत’ ही ओळ आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येत नाही. आपल्याकडे तोट्याचं पारडं जड व्हायची कारणं जास्त आहेत, आणि ती कारणं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसत नाहीत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठळकपणे. मी जीवरसायनशास्त्रात पीएचडी करतेय, रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालीय, ज्यांना रक्ताच्या गाठीमुळे अर्धांगवायू होऊन गेलाय, त्यांच्यासाठी ॲस्पिरिनचा फायदा सिद्ध आहे. त्यांनी हा लेख वाचून गोळी बंद करायची नाही. स्टेंट असलेल्या माणसाने मनानेच गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गाठ होऊन जिवावर बेतू शकतं. हा लेख ज्यांना मधुमेह आहे पण हृदयाचं काहीच झालेलं नाही, त्यांच्यापुरता आहे.

‘पातळ’ नेमकं काय होतं?

खरं तर काहीच नाही. ॲस्पिरिनने रक्ताचा घट्टपणा बदलत नाही. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. एकमेकींना हाक मारायला त्या थ्रॉम्बोक्सेन नावाचं रसायन बनवतात आणि ते बनवण्यासाठी त्यांना सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर लागतं. ॲस्पिरिन त्या विकराला कायमचं कुलूप लावते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं विकर बनवता येत नाही. एकदा कुलूप लागलं की ती प्लेटलेट तिच्या उरलेल्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यात मुकीच राहते. म्हणूनच रोजची इवलीशी मात्रा पुरते. ॲस्पिरिन या रसायनांची निर्मिती अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

गंमत अशी की हेच विकर जठरातही काम करत असतं. तिथे ते आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारी रसायनं बनवतं. म्हणजे हृदयाच्या नळीत गाठ होऊ न देणारं आणि जठरात जखम होऊ देणारं कुलूप एकच आहे. गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण चढवलं तरी ती रक्तातून जठरापर्यंत पोचतेच. ‘कोटिंगवाली आहे, पोटाला काही होत नाही’ हा समज त्यामुळे अर्धवट आहे.

ही पद्धत आली कुठून?

१९८९ साली अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले. त्यांच्यात मधुमेह असलेले फक्त ५३३ जण होते. त्यातल्या गोळी घेणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांना झटका आला, न घेणाऱ्यांपैकी १०.१ टक्क्यांना. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो एकूण ३७ झटक्यांवर उभा आहे: ११ विरुद्ध २६. मोठ्या चाचणीचा छोटा तुकडा काढून बघितला की असे चमकदार आकडे सापडतात. पुढे मधुमेहींसाठीच स्वतंत्र चाचण्या झाल्या की बऱ्याचदा ते विरून जातात.

इथेही तसंच झालं. २००८ मध्ये जपानमधल्या २,५३९ मधुमेहींवरच्या चाचणीत गोळी घेणाऱ्या गटात ६८ आणि न घेणाऱ्या गटात ८६ घटना घडल्या. हा फरक योगायोगानेही पडू शकला असता, इतका लहान होता. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये १,२७६ मधुमेहींवर चाचणी झाली. यांच्या पायातल्या रक्तप्रवाहात आधीच दोष दिसत होता, म्हणजे फायदा व्हायचा तर यांना व्हायला हवा होता. निकाल काय? ११६ विरुद्ध ११७. पण दोन्ही चाचण्या लहान होत्या, त्यामुळे वाद मिटला नाही. तो मिटवायला ‘असेंड’ उभी राहिली.

चाचणी कशी होती?

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या गटाने ब्रिटनमधले १५,४८० मधुमेही घेतले. कुणालाही हृदयविकाराचा इतिहास नव्हता, सरासरी वय ६३. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन सारखे गट पाडले. एका गटाला रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि संशोधकांनाही. सरासरी ७.४ वर्षं पाठपुरावा झाला. गोळ्या टपालाने घरी जायच्या, प्रश्नावल्याही टपालाने यायच्या. एवढ्या लोकांना एवढी वर्षं धरून ठेवणं हे सोपं काम नाही.

आता आकडे. मी ते १,००० माणसांच्या गावाच्या हिशेबात मांडते, कारण टक्क्यांचे टक्के काढले की सगळ्यांचाच गोंधळ होतो.

गोळी न घेणाऱ्या १,००० जणांपैकी साडेसात वर्षांत ९६ जणांना झटका, अर्धांगवायू किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू अशी गंभीर घटना घडली. घेणाऱ्यांपैकी ८५ जणांना. म्हणजे ११ जण वाचले.

न घेणाऱ्या १,००० जणांपैकी ३२ जणांना मोठा रक्तस्राव झाला. घेणाऱ्यांपैकी ४१ जणांना. म्हणजे ९ जण जास्त.

उरलेल्या साधारण ९८० जणांनी साडेसात वर्षं रोज गोळी घेतली आणि त्यांना त्याने फरकच पडला नाही. ज्यांना काही होणार नव्हतं त्यांना झालं नाही, ज्यांना होणार होतं त्यांना झालंच. ‘हृदयविकाराचा धोका १२ टक्क्यांनी कमी’ ही बातमी याच आकड्यांतून बनते. ती खोटी नाही. ‘मोठा रक्तस्राव २९ टक्क्यांनी जास्त’ ही बातमीही याच आकड्यांतून बनते. आपल्याला कुठली सांगितली जाते त्यावर आपलं मत बनतं. म्हणून कुणी टक्के सांगितले की ‘हजारात किती?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

मधुमेहींना डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरायची भीती असते. ती या चाचणीत वाढलेली दिसली नाही, हे दिलाशाचं. जास्तीच्या रक्तस्रावाचा मोठा भाग पोटातला होता. एकूण मृत्यूंमध्ये दोन गटांत खात्रीने सांगावा असा फरक नव्हता: ९.७ टक्के विरुद्ध १०.२ टक्के.

माझे आक्षेप

पहिला आक्षेप मोजणीवर. ‘गंभीर घटना’ या शीर्षकाखाली संशोधकांनी तात्पुरता झटकाही धरला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून माणूस पुन्हा पूर्ववत होतो तो. मूळ आराखड्यात तो नव्हता, चाचणी चालू असताना घेतला गेला. निकाल उघडण्याआधीच घेतला, त्यामुळे यात लबाडी नाही. घटना जास्त मोजता याव्यात हा हेतू होता. पण तो वगळून बघितलं तर फायदा १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतो आणि योगायोगाची शक्यता नाकारता येत नाही. ज्या फायद्याच्या जोरावर रोजची गोळी सुरू करायची, तो व्याख्येतल्या एका शब्दावर इतका हलत असेल तर त्याला फार घट्ट धरून बसू नये.

दुसरा आक्षेप ‘बरोबरी’वर. ११ आणि ९ समोरासमोर ठेवले की तराजू समतोल दिसतो. पण पोटातला रक्तस्राव आणि कायमचा अर्धांगवायू हे एकाच वजनाचे नाहीत. रक्तस्रावाचा माणूस बऱ्याचदा रक्त चढवून, एंडोस्कोपी करून आठवड्याभरात घरी येतो. यावर ॲस्पिरिनच्या बाजूचे लोक म्हणतील, मग फायदाच जास्त नाही का? मुद्दा रास्त आहे. पण ‘घरी येतो’ हे गृहीतक ब्रिटनचं आहे. जतच्या पूर्वेकडच्या गावात रात्री काळी शौचास होऊन चक्कर आलेल्या माणसाला मिरजेपर्यंत आणायचंय, किंवा पाटण खोऱ्यातल्या वाडीतून कऱ्हाडपर्यंत. तोच रक्तस्राव आहे, पण मधल्या तासांनी त्याचं वजन बदलतं. अर्थात झटक्यालाही हेच अंतर लागू होतं, हे मान्य. म्हणूनच तराजू ज्याच्या घरी आहे तिथे जाऊनच तोलायला हवा, ऑक्सफर्डमध्ये नाही.

तिसरा आक्षेप चाचणीत कोण होतं यावर. हा संशोधकांचा दोष नाही, आपल्या वाचनाचा आहे. सहभागी बहुतांश श्वेतवर्णीय होते. सुमारे तीन चतुर्थांश लोक कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आधीच घेत होते. ज्यांना रक्तस्रावाचा उघड धोका होता त्यांना मुळात घेतलंच नव्हतं. शिवाय सरासरी ७० टक्क्यांच्या आसपासच लोक गोळी नियमित घेत राहिले, त्यामुळे फायदा आणि तोटा दोन्ही प्रत्यक्षापेक्षा थोडे फिके दिसतात.

आपल्याकडे काय वेगळं आहे?

आधी ॲस्पिरिनच्या बाजूने बोलणारी गोष्ट. भारतीयांना हृदयविकार लवकर गाठतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळपास ५९ व्या वर्षी, असं ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली अनेक वर्षं सांगताहेत की आपला माणूस दिसायला बारीक असतो पण आत चरबी बाळगून असतो. म्हणजे धोका जास्त, मग वाचवायला जागाही जास्त. तर्क पटण्यासारखा आहे. पण ‘असेंड’मध्येच दिसलं की ज्यांचा हृदयाचा धोका जास्त, त्यांचा रक्तस्रावाचा धोकाही जास्त. वय, बीपी, तंबाखू ही कारणं दोन्हीकडे सामाईक. ‘यांना नक्कीच फायदा जास्त’ असा गट त्यांनी शोधला, तो सापडला नाही.

भारतीय लोकांवरचा पुरावाही आहे. ‘टिप्स-३’ या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५,७१३ लोक होते, त्यातले जवळपास निम्मे भारतीय. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेचे डॉ. प्रेम पैस तिच्या प्रमुखांपैकी एक. सगळे मधुमेही नव्हते, पण हृदयविकाराचा धोका असलेले आणि झटका न आलेले होते. एकट्या ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनचा निकाल ४.१ टक्के विरुद्ध ४.७ टक्के, म्हणजे खात्रीने सांगावा असा फरक नाही. मात्र स्टॅटिन आणि बीपीची औषधं असलेली एकत्रित गोळी आणि ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांत फायदा स्पष्ट दिसला. या चाचणीत रक्तस्राव वाढलेला दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सुरुवातीला काही आठवडे गोळ्या देऊन, ज्यांना त्या मानवल्या त्यांनाच पुढे घेतलं होतं. आपल्या गल्लीत अशी चाळणी कोण लावतं?

आणि आता चिठ्ठीवर न दिसणाऱ्या गोष्टी.

पहिली अंगदुखीची गोळी. ऊसतोड, हमाली, शेतातलं वाकून काम, यांनी गुडघे आणि कंबर धरते. मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी येते. याला कुणी ‘औषध चालू आहे’ असं म्हणतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तरी ती यादीत येत नाही. या गोळ्या जठराच्या त्याच विकरावर घाव घालतात. ॲस्पिरिनबरोबर घेतल्या की पोटातून रक्त जायची शक्यता आणखी वाढते. त्यातही आयब्युप्रोफेन आधी घेतली तर ती विकराच्या दारात आडवी बसते आणि ॲस्पिरिनला कुलूप लावायलाच मिळत नाही. म्हणजे तोटा दोघींचा, फायदा एकीचाही नाही.

दुसरी, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जिवाणू. आपल्या देशात तो भरपूर आढळतो आणि अल्सरचं मोठं कारण आहे. २०२२ साली आलेल्या ब्रिटनमधल्या ‘हीट’ चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांमधला हा जिवाणू औषधांनी काढून टाकल्यावर पहिली अडीच वर्षं अल्सरचा रक्तस्राव कमी झाला. ज्यांना ॲस्पिरिन लागणारच आहे त्यांच्यासाठी ही कामाची माहिती.

तिसरी, तंबाखू आणि मिश्री. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावत लावत हृदयासाठी ॲस्पिरिन घेणं म्हणजे छप्पर गळतंय तिथे न बघता दारात पायपुसणं टाकणं.

कॅप्सूलच्या आत दडलेला निर्णय

सगळ्यात जास्त मला खटकते ती जोडगोळी. ॲस्पिरिन ७५ आणि अटोर्वास्टॅटिन १० एकाच कॅप्सूलमध्ये, अशी औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात. ज्यांना दोन्हींची गरज आहे, म्हणजे झटका येऊन गेलेले लोक, त्यांना सोय होते. पण झटका न आलेल्या मधुमेहीसाठी या दोन औषधांचा पुरावा एकसारखा नाहीच.

२००४ साली ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २,८३८ मधुमेहींवरची ‘कार्ड्स’ चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांनाही आधी हृदयविकार नव्हता. औषध होतं अटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम, म्हणजे नेमकी त्या कॅप्सूलमधली मात्रा. साधारण चार वर्षांत १,००० पैकी ९० ऐवजी ५८ जणांना मोठी घटना घडली. ३२ जण वाचले. फायदा इतका ठळक की चाचणी वेळेआधी थांबवली. दोन वेगळ्या काळांतल्या चाचण्यांची थेट तुलना जपून करावी लागते, पण ३२ आणि ११ मधला फरक कुणालाही दिसेल, आणि ३२ बरोबर ९ रक्तस्राव आलेले नाहीत.

कॅप्सूल एकच असली की हा फरक पुसला जातो. पोटात जळजळ झाली, हिरडीतून रक्त आलं, की माणूस अख्खी कॅप्सूल बंद करतो. जी कदाचित नको होती ती ॲस्पिरिनही जाते आणि जी हवी होती ती स्टॅटिनही. ‘ॲस्पिरिन द्यायची का?’ हा प्रश्न रुग्णासमोर कधी येतच नाही. माझी खरी तक्रार ही आहे. संशोधक पंधरा हजार लोकांना साडेसात वर्षं विचारत बसले, आणि आपण तो प्रश्न जिलेटिनच्या टोपणात बंद करून टाकला.

मग करायचं काय?

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची आजची भूमिका अशी: हृदयविकार झालेला नसेल तर ॲस्पिरिन सरसकट नाही. धोका जास्त असेल तर फायदा-तोटा रुग्णाशी बोलून विचार करावा, आणि सत्तरीपुढे सहसा सुरू करू नये. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटानेही साठीनंतर नव्याने सुरू करू नका असं सांगितलं. २०१८ च्या ‘ॲस्प्री’ चाचणीत बहुतेक सत्तरीपुढच्या १९,११४ निरोगी लोकांत हृदयाला फायदा नव्हता आणि रक्तस्राव मात्र वाढला होता.

या भूमिकांमधला ‘रुग्णाशी बोलून’ हा तुकडा सोपा वाटतो, पण गर्दीच्या ओपीडीत तोच सगळ्यात आधी गळतो. म्हणून बोलायची तयारी आपण घरून करून जायची. घरात तात्या, आक्का, मावशी कुणाची ही गोळी चालू असेल, तर पुढच्या भेटीत चार गोष्टी घेऊन जा.

१. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांसकट.
२. ‘ही ॲस्पिरिन झटका येऊन गेला म्हणून आहे की येऊ नये म्हणून?’ हा प्रश्न.
३. पूर्वी अल्सर, काळी शौचास, रक्ताची उलटी, कमी हिमोग्लोबिन असं काही झालं असेल तर ते.
४. ‘ॲस्पिरिन थांबवायची ठरली तर स्टॅटिन वेगळी चालू राहील का?’ हा प्रश्न.

यातला चौथा प्रश्न विसरू नका. डॉक्टरांना हे प्रश्न उद्धट वाटतील अशी भीती बाळगायचं कारण नाही. दोन मिनिटांत त्यांनाही हवी असलेली माहितीच तुम्ही पुढे ठेवताय.

‘असेंड’चं मोल मला यात वाटतं: तिने हो किंवा नाही असं सोपं उत्तर दिलं नाही. हजारात ११ आणि हजारात ९ हे आकडे दिले आणि त्यांच्या मध्ये एक माणूस बसवला. तो माणूस ब्रिटनमधला होता. आपल्याकडचा माणूस गुडघेदुखीची पट्टी खिशात घेऊन, मिश्री लावून, दवाखान्यापासून तीन तासांवर राहतो. त्याला फक्त ‘शुगर आहे’ एवढ्यावरून रोजची ॲस्पिरिन देणं मला पुराव्याला धरून वाटत नाही. त्याची बीपी, त्याची स्टॅटिन आणि त्याची तंबाखू, या तिन्हींकडे आधी बघू. ॲस्पिरिनचा नंबर त्यानंतरचा, आणि तोही विचारून.